पडद्यावरची शाळा

खानदेशातील खेड्यांत पूर्वी सरकारी प्रसिद्धी खात्याची मोटार आली, की मुलांच्या आनंदाला पारावार राहत नसे. दिवस मावळला म्हणजे शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवून त्यांवर पांढरा पडदा ताणला जाई. यंत्राची घरघर सुरू होई, प्रकाशाचा झोत अंधार चिरीत पडद्यावर जाऊन पडे आणि त्या झोतात धुळीचे कण व पाखरे नाचू लागत. समोर जागा न मिळालेली मंडळी पडद्याच्या मागे जाऊन बसत. त्यांना चित्र दिसे, पण अक्षरे उलटी दिसत. तेवढ्यावरही ती समाधानी असत. पडद्यावर राजाराणीची गोष्ट क्वचितच असे. धरणाचे बांधकाम, देवीची लस टोचून घेणारी माणसे, सुधारलेले बियाणे पेरणारा शेतकरी अशीच दृश्ये बहुधा असत.

खरी माणसे, खरी स्थळे आणि प्रत्यक्ष घडणारे प्रसंग यांच्या चित्रणातून तयार झालेल्या अशा चित्रपटास अनुबोधपट म्हणत. हल्ली त्यास माहितीपट म्हणण्याची रूढी आहे. भारत सरकारने १९४८ साली मुंबईस ‘फिल्म्स डिव्हिजन’ ही संस्था स्थापन केली आणि तिने असे हजारो अनुबोधपट काढले. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आता तर हातातल्या मोबाइलवर शाळेतील मुलेसुद्धा आपल्या गावाचा, नदीचा किंवा शाळेचा लहानसा माहितीपट काढू शकतात.

माहितीपटातून माहिती मिळते, हे उघडच आहे. परंतु माहिती भूगोलाच्या पुस्तकातूनही मिळते आणि ते पुस्तक वाचताना कोणाचा कंठ सहसा दाटून येत नाही. मग तीच हकीकत पडद्यावर पाहताना डोळे का भरून येतात?

याचे उत्तर शोधण्यासाठी एका वाटाण्याच्या रोपापाशी जावे लागते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून चित्रपटाची सामग्री आणली. त्यांच्या मनात ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढावयाचा होता. पण जवळ पुरेसे भांडवल नव्हते. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ ते त्याचे थोडे थोडे चित्रण करीत राहिले. त्यातून सुमारे एका मिनिटाचा चित्रपट तयार झाला. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’. मातीतून मान वर काढणारा अंकुर पाहता पाहता रोप होतो, हे दृश्य त्यांनी काही निवडक लोकांना दाखविले. ते लोक थक्क झाले आणि त्यांतील काहींनी फाळक्यांना कर्ज देऊ केले.

वाटाण्याचे रोप त्या लोकांनी पूर्वी पाहिले नव्हते काय? अनेकदा पाहिले असणार. पण ते वाढताना कोणी पाहिले नव्हते. फाळक्यांनी त्यात खोटे काहीही मिसळले नाही. त्यांनी फक्त महिन्याभराचा काळ मिनिटाच्या मुठीत आवळला. कॅमेरा समोर असेल तेच टिपतो, हे खरे. मात्र तो कोठे ठेवावयाचा, किती वेळ चालवावयाचा आणि टिपलेले कोणते दृश्य कशाच्या शेजारी जोडावयाचे, हे कॅमेरा ठरवीत नाही. ते माणूस ठरवितो. प्रेक्षकाच्या मनाची नाडी त्या माणसाच्या हाती असते.

आता एक कल्पना करू. धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, एक लहानशी शाळा आहे. दिवाळी होऊन गेली आहे. कपाशीची बोंडे फुटून काळी वावरे पांढरी झाली आहेत. वेचणीची घाई असल्यामुळे वर्गात निम्मीच मुले आहेत. सातवीतली एक मुलगी सकाळी आईबरोबर कापूस वेचते आणि मग धावत शाळा गाठते. आठवड्यातून दोन-तीन दिवस तर तिला येताच येत नाही. या शाळेवर माहितीपट काढण्यासाठी दोन निरनिराळ्या मंडळ्या येतात.

पहिली मंडळी आपला कॅमेरा मोटारीच्या टपावर चढवते. तेथून खाली पाहिले, की पायवाटेने चाललेली मुलगी मुंगीएवढी दिसते. भोवती अफाट माळ आणि वर रिकामे आकाश. त्यानंतर एकदम तिच्या टाचांच्या भेगा पडदाभर दिसतात. पुढे वर्गातली रिकामी जागा, गळके छप्पर, कोरडा पडलेला पाण्याचा माठ. सारंगीचे करुण सूर सुरू होतात आणि निवेदक घोगऱ्या आवाजात म्हणतो, ‘या अभागी बालिकेच्या नशिबी शिक्षण नाही.’ मुलगी स्वतः एक अक्षरही बोलत नाही.

दुसरी मंडळी कॅमेरा खाली उतरवते आणि मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून ठेवते. आता ती मुंगीएवढी दिसत नाही. ती पाहणाऱ्याच्या बरोबरीची होते. वावरात तिची बोटे चपळाईने बोंडातला कापूस ओढून घेताना दिसतात. काही क्षणांनी तीच बोटे फळ्यावर खडूने वेचणीच्या मजुरीचा हिशेब मांडताना दिसतात आणि तो हिशेब ती वर्गात सर्वांच्या आधी पुरा करते. ‘काल शाळेत का आली नाहीस?’ असे गुरुजी विचारतात. ती मान खाली घालते आणि अहिराणीत सांगते, ‘माय वावरमा गयी.’ घरी धाकट्या भावाला सांभाळावयास दुसरे कोणी नव्हते, एवढा सगळा अर्थ त्या तीन शब्दांत आहे. पार्श्वसंगीत नाही. दूर कोठेतरी बैलगाडीच्या चाकाचा आवाज तेवढा येतो.

दोन्ही चित्रपटांतील एकही दृश्य खोटे नाही. टाचांना भेगा आहेत आणि फळ्यावरचा हिशेबही बरोबर आहे. पण पहिला चित्रपट पाहून मनात दया उपजते आणि दुसरा पाहून त्या मुलीविषयी आदर वाटतो, तिच्या गैरहजेरीची चुटपुट लागते.

हे कसे घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे. उंचावरून घेतलेले चित्र माणसाला लहान व असहाय करते. खालून वर पाहणारे चित्र त्यालाच भव्य करते. पुढाऱ्यांचे आणि पुतळ्यांचे चित्रण पुष्कळदा खालून केलेले असते, ते यामुळेच. चेहरा, हात किंवा पाय पडदाभर दाखविणाऱ्या चित्रास समीपदृश्य म्हणतात. एरवी आपण एवढे जवळ फक्त जिव्हाळ्याच्या माणसाच्या जातो. म्हणून समीपदृश्यातला परका चेहराही घटकाभर आपला वाटू लागतो.

प्रकाशाची किमया समजून घ्यावयाची असेल, तर जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावास जावे. केकी मूस (१९१२–१९८९) हे थोर छायाचित्रकार तेथे रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ एकांतवासात राहिले. त्या वास्तूत आता त्यांचे कलादालन आहे. मेजावर लहानसहान वस्तू मांडावयाच्या, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडावयाचा आणि पाहणाऱ्यास विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास व्हावा असे छायाचित्र घ्यावयाचे, ही कला त्यांना साधली होती. ज्याने मेजावर अवघे रान उभे राहिलेले पाहिले, तो ‘फोटोत दिसते म्हणजे तसेच असणार’ असे पुन्हा सहसा म्हणणार नाही. मूस यांच्या छायाचित्रात ही फसवणूक नव्हे, कलाच होय. कारण ते छायाचित्र बातमी असल्याचा दावा करीत नाही. माहितीपट मात्र तो दावा करतो. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला ‘श्यामची आई’ पाहताना प्रेक्षक रडतात, तेव्हा आपण अभिनय पाहत आहोत हे त्यांना ठाऊक असते. माहितीपट पाहताना ही जाणीव नसते आणि म्हणून तो काढणाऱ्यावर जबाबदारी अधिक असते.

दृश्ये एकमेकांना जोडण्याच्या कामास संकलन म्हणतात. त्याचे सामर्थ्य दाखविणारा एक प्रयोग रशियातील कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास केला. त्याचा सहकारी पुदोव्हकिन याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. मोझूखिन नावाच्या नटाचा एक अगदी निर्विकार चेहरा घेतला. तो एकदा सुपाच्या वाडग्याच्या चित्राशेजारी जोडला, एकदा शवपेटीतील मृत स्त्रीच्या चित्राशेजारी आणि एकदा खेळण्याशी खेळणाऱ्या लहान मुलीच्या चित्राशेजारी. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर गहन विचार दिसला, दुसऱ्या वेळी दुःख आणि तिसऱ्या वेळी हसरा आनंद. त्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली! चेहरा तिन्ही वेळा एकच होता. भाव प्रेक्षकांच्याच मनातले होते. संकलकाने ते त्या चेहऱ्यावर ठेवण्याची वाट तेवढी करून दिली. मुलीच्या चेहऱ्याला लागूनच कोरडा माठ दाखविला, की ती तहानलेली वाटणारच. मग प्रत्यक्षात ती नुकतीच पाणी पिऊन आलेली का असेना.

कधी कधी माहितीपटात प्रसंग मुद्दाम उभाही केला जातो. भुसावळच्या मुलांना रेल्वेतील टपालाच्या थैल्या नव्या नाहीत. अशाच टपालगाडीवर इंग्लंडातील टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने १९३६ साली ‘नाइट मेल’ नावाचा अनुबोधपट काढला. रात्रभर धावणाऱ्या गाडीत पत्रे निवडणारे कर्मचारी त्यात दिसतात. पण धावत्या डब्यात चित्रण करणे कठीण होते. म्हणून स्टुडिओत डबा उभारला गेला आणि गाडी हलत असल्याप्रमाणे डुलत राहण्यास कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले. हा दोष क्षम्य मानावयास हरकत नाही. माणसे खरी होती आणि करीत होती ते त्यांचे रोजचेच काम होते. परंतु एखाद्या मुलास ‘जरा रडून दाखव’ असे सांगून त्याचे अश्रू टिपले, तर ते क्षम्य मानता येणार नाही.

शाळेतील मुलांचे चित्रण कसे करावे, याचा एक सुंदर पाठ जपानमधील सुसुमू हानी या तरुण दिग्दर्शकाने १९५४-५५ च्या सुमारास घालून दिला. त्याला वर्गातील मुलांवर अनुबोधपट काढावयाचा होता. कॅमेरा लपवून ठेवण्याऐवजी त्याने तो उघडपणे वर्गात आणून ठेवला. आरंभी मुले त्याच्याकडेच टकमक पाहत राहिली. पण काही काळाने त्यांना त्याचा कंटाळा आला आणि ती आपल्या उद्योगाला लागली. मग कोणी खिडकीबाहेर पाहू लागले, कोणी शेजाऱ्याला ढोसू लागले, कोणी उत्तर येत असूनही हात वर करावा की नाही अशा विचारात पडले. ‘रडा’ किंवा ‘हसा’ असे कोणालाही सांगावे लागले नाही. त्यासाठी हानीला लागला तो केवळ धीर, आणि हे साधन बाजारात मिळत नाही.

शिरपूरकडच्या त्या कल्पित शाळेविषयी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पहिला, करुण सुरांचा चित्रपट पाहून शहरातील एखादा सद्गृहस्थ खिशात हात घालील. शाळेचे छप्पर दुरुस्त होईल, नवा माठही येईल. दयेतून झालेली ही कामे लहान नव्हेत. दुसरा चित्रपट पाहून कदाचित कोणी पैसे देणार नाही. तेव्हा पहिला वाईट आणि दुसरा चांगला, असा निकाल चटकन देता येत नाही. निकाल द्यावयाचाच झाला, तर त्या मुलीला विचारूनच द्यावा लागेल; कारण चित्रपटवाली मंडळी दोन दिवसांत निघून जाते आणि मुलीला त्याच गावात, त्याच वर्गात पुढेही बसावयाचे असते.

१९७८ साली हर्ट्‌झ फ्रांक या दिग्दर्शकाने लॅटव्हियात एक दहा मिनिटांचा चित्रपट काढला. बाहुल्यांचा खेळ पाहावयास आलेल्या लहान मुलांपैकी एका मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखलेला आहे. निवेदन नाही, मध्ये एकही काट नाही. बाहुल्या तर दिसतच नाहीत. दिसतो तो फक्त पाहणारा चेहरा. त्यावर भीती येते, हसू येते, ओठ थरथरतात, पुन्हा डोळे लकाकतात.

तसाच एक कॅमेरा त्या शाळेच्या पटांगणात, पडद्याकडे पाठ करून, प्रेक्षकांसमोर ठेवला आहे असे समजा. बांबूंना पडदा ताणला आहे. अख्खा गाव जमला आहे. वेचणीहून परतलेली आई पुढच्या रांगेत बसली आहे आणि मुलगी तिला टेकून बसली आहे. अगोदर पहिला चित्रपट सुरू होतो. पडदाभर भेगाळलेल्या टाचा दिसतात आणि मागून कोणीतरी मुलीचे नाव घेऊन हसते. मुलगी आपले पाय परकराखाली ओढून घेते. आई पदर सावरून दुसरीकडे पाहू लागते. थोड्या वेळाने दुसरा चित्रपट सुरू होतो. फळ्यावर खडू चालू लागतो. ‘माय वावरमा गयी,’ हा आवाज पटांगणात घुमतो, आणि आपल्या घरचेच ते बोल पडद्यातून आलेले ऐकून आई दचकते. ती मुलीकडे वळून पाहते. मुलगी मात्र पडद्याकडेच पाहत असते आणि हिशेबाचा शेवटचा आकडा फळ्यावर उमटण्याआधीच ती तो ओठांतल्या ओठांत म्हणून टाकते.