बाथला अख्खा दिवस द्या

लंडनला मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना ‘एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ’ अशा बसच्या सहलीला पाठवायची पद्धतच पडली आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे, बाथ त्या यादीतून काढा. आम्ही आत्याला घेऊन अशाच बसने गेलो. पहिल्या दोन ठिकाणी वेळ गेला आणि बाथच्या वाट्याला जेमतेम दीड तास उरला. रोमन स्नानगृहाच्या दारातली रांग, घाईघाईत एक फेरी, की परत बस. पुढे आत्या आणि मी अशा दोघी रेल्वेने पुन्हा गेलो, तेव्हा कुठे हे गाव भेटलं.

पहिल्या खेपेला आत्याच्या पिशवीत पंचा होता. राजापूरच्या ‘उन्हाळ्यात’, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, न्हालेलं माणूस. गरम झरा म्हणजे स्नान, हे तिच्या मनात पक्कं. पण रोमनांच्या कुंडात कुणालाच उतरू देत नाहीत, पाण्यात हात बुडवायचीही मनाई आहे. आत्या हिरमुसली. कारण कळल्यावर मात्र गप्प झाली. १९७८ साली झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमीबाच्या संसर्गाने मेंदूज्वर होऊन दगावली, आणि तिथलं स्नान बंद झालं. कुंडातलं पाणी आजही शुद्ध न केलेलंच आहे. त्याचा हिरवा रंग शेवाळाचा; रोमन काळी वर छप्पर होतं, आता ऊन थेट पडतं. घरच्या वडीलधाऱ्यांना हे निघण्याआधीच सांगा.

ज्यांना खरोखर स्नान करायचंय त्यांच्यासाठी २००६ मध्ये उघडलेलं थर्मी बाथ स्पा जवळच आहे. तिथे पाणी शुद्ध केलेलं आणि सोसवेल इतकं कोमट असतं, गच्चीवरच्या तलावातून गाव दिसतं. पोहण्याचा पोशाख लागतो, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना मुख्य इमारतीत घेत नाहीत. नातवंडं बरोबर असतील तर आधीच ठरवा, त्यांच्यापाशी कोण थांबणार. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

तरीही उतरता येत नाही म्हणून रोमन स्नानगृह टाळू नका. झऱ्याचं पाणी ४६ अंशाच्या आसपास गरम, रोज ११ लाख लिटरांहून जास्त वर येतं, आणि रोमनांनी बांधलेल्या दगडी नाल्यातून आजही वाहतं. वरचा सज्जा आणि सम्राटांचे पुतळे मात्र एकोणिसाव्या शतकातले. जुनं बघायचं तर नजर खाली ठेवा. तिकिटाबरोबर मिळणारं ध्वनिवर्णन ऐका आणि शिशाचे पत्रे ठेवलेत तिथे रेंगाळा. असे सुमारे १३० पत्रे झऱ्यात सापडले. न्हाताना कुणाचा अंगरखा चोरीला गेला, कुणाचे पैसे गेले, की तो माणूस पत्र्यावर लिहून सुलिस मिनर्व्हा देवीला सांगे, चोराला शासन कर. आमच्या कोकणात ग्रामदेवतेपुढे घालतात ते गाऱ्हाणंच हे! आत्या तिथून हलेना. दीड तासाच्या सहलीत नेमकं हेच निसटतं.

गाव चढणीचं आहे. रॉयल क्रेसेंट, म्हणजे १७६७ ते १७७४ दरम्यान बांधलेली तीस घरांची अर्धचंद्राकार ओळ, बघण्यासारखी आहे खरी, पण गुडघे दुखत असतील तर वर टॅक्सीने जा आणि उतरताना चाला. दोन्ही बाजूंना दुकानं असलेला पल्टनी पूल बाथ अॅबी या चर्चपासून जवळ आहे, तिथवर बेताने जाता येतं. आणि न्यू किंग स्ट्रीटवरचं हर्शेलचं घर चुकवू नका. याच घराच्या बागेतून विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. त्याची बहीण कॅरोलिन, स्वतः धूमकेतू शोधणारी, तीही इथेच राहिली. मला तर क्रेसेंटपेक्षा हे घर मोठं वाटतं.

लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाडीने साधारण दीड तास लागतो. स्टेशनचं नाव ‘बाथ स्पा’. तिथून रोमन स्नानगृह चालत दहा मिनिटांच्या आत. रेल्वेचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. स्नानगृहाची सकाळची पहिली वेळ घ्या, दुपारी बसगाड्या येतात.