बिचाऱ्या पेन्सिलीचा दोष काय?

प्रश्न : परवा आम्ही सगळ्यांनी मिळून ‘हॉवर्ड्स एन्ड’ हा जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. मरणाच्या दारात असलेली रूथ विल्कॉक्स आपलं घर मार्गारेट श्लेगेल या मैत्रिणीला मिळावं असं पेन्सिलीने लिहून ठेवते आणि घरचे ती चिठ्ठी फाडून शेकोटीत टाकतात. सिनेमा संपला, आमच्याकडचं भांडण काही संपेना. हे म्हणतात, पेन्सिलीच्या चिठ्ठीला कायदा विचारत नाही. मुलगी म्हणते, ही सरळ सरळ चोरी. कोण बरोबर? आणि असं घर खरोखर कुठे आहे का?
— एक वाचक, हॅरो

उत्तर : कोर्टात तुमचे यजमान जिंकतील, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. मुलगी हरेल, तरी तिने आपला मुद्दा सोडू नये. का, ते शेवटी सांगतो.

आधी पेन्सिलीला निर्दोष सोडू. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रं आजही १८३७च्या विल्स ॲक्टवर चालतात. मृत्युपत्र लेखी हवं, एवढंच तो कायदा म्हणतो. शाईची अट त्यात नाही. पेन्सिलीने लिहिलेलं पाहून कोर्टाला फार तर शंका येते, की हा कच्चा मसुदा तर नव्हे? चिठ्ठी बाद होते ती दुसऱ्याच कारणांनी. ई. एम. फॉर्स्टरच्या १९१०च्या मूळ कादंबरीत त्या कागदावर ना तारीख आहे, ना सही, ना साक्षीदार. कायद्याला मृत्युपत्र करणाऱ्याची सही लागते आणि ती दोन साक्षीदारांच्या देखत, दोघंही एकाच वेळी हजर असताना झालेली किंवा कबूल केलेली लागते. शिवाय रूथ ‘घर देते’ असा हुकूम सोडत नाही, नवऱ्याजवळ इच्छा व्यक्त करते. नुसत्या इच्छेने इंग्लिश कोर्ट सहसा कुणाला बांधून घालत नाही.

स्कॉटलंडचा नियम १९९५पर्यंत निराळा होता. तिथे सगळं स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली, तर साक्षीदारांशिवायही मृत्युपत्र चालायचं. पण सही तिथेही हवीच, तेव्हा रूथची चिठ्ठी एडिंबरोतही टिकली नसती.

आपल्याकडची गंमत वेगळीच. भारतीय वारसा कायदा १९२५चा. साक्षीदार त्यालाही किमान दोन लागतात, पण ते एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. एकाने सकाळी साक्ष घातली आणि दुसऱ्याला संध्याकाळी ‘ही माझी सही’ असं सांगून त्याची साक्ष घेतली, तरी गावाकडे निभावतं. हॅरोत निभावणार नाही.

मुळात घर रूथचं होतं का? होतं. ते तिच्या माहेरचं, आणि कादंबरीच्या काळापर्यंत तिला तो हक्क मिळालेला होता. १८८२च्या कायद्याआधी विवाहित बाईला, ट्रस्टची आडवाट सोडली तर, स्वतःच्या घराचंही मृत्युपत्र स्वतंत्रपणे करता येत नसे. रूथच्या आईच्या पिढीला जे जमलं नसतं ते रूथला जमलं असतं, फक्त रीतसर करायला हवं होतं.

आता खऱ्या घराकडे येऊ. सिनेमातलं देखणं घर ऑक्सफर्डशरमधल्या रॉदरफील्ड पेपर्डचं आहे. पण फॉर्स्टरच्या मनात होतं ते हर्टफर्डशरमधलं, स्टीव्हनेजजवळचं रूक्सनेस्ट. वडील वारल्यावर तो आईबरोबर १८८३ साली तिथे राहायला आला तेव्हा चार वर्षांचा होता. तिथे पूर्वी हॉवर्ड नावाचं कुटुंब राहत असे. कादंबरीतलं नाव त्यावरूनच आलं. अंगणात एक जुनं विच एल्मचं झाड होतं आणि त्याच्या खोडात डुकराचे दात ठोकलेले होते. त्याची साल चघळली की दातदुखी थांबते, अशी तिथल्या लोकांची समजूत. सिनेमात रूथ हीच गोष्ट मार्गारेटला सांगते. ती ऐकताना मार्गारेटच्या चेहऱ्याकडे पाहा. घर खरं तर तिथेच दिलं जातं, चिठ्ठी नंतरची.

फॉर्स्टर मात्र त्या घरात भाडेकरू होता. १८९३ साली, चौदाव्या वर्षी, त्याला ते सोडावं लागलं. जे घर कधीच आपलं नव्हतं त्याच्या हक्काबद्दल त्याने अख्खी कादंबरी लिहिली. पुढे १९२१ साली तो देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा चिटणीस म्हणून आला. गादीचे हक्क आणि भाऊबंदकी यांत मुरलेल्या मराठी दरबारात हा माणूस बसला होता, हे आठवलं की मला नेहमी हसू येतं.

त्या घराच्या परिसरावर खरा तंटाही झाला. १९४६ साली सरकारने स्टीव्हनेजला ब्रिटनमधलं पहिलं ‘न्यू टाउन’ करायचं ठरवलं. लंडनच्या बेघरांना घरं हवी होती आणि त्यासाठी स्टीव्हनेजकरांची घरं-शेतं जाणार होती. मंत्री लुइस सिल्किन समजूत घालायला आले, तर सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली. बाहेर त्यांच्या गाडीच्या चाकांतली हवा सोडली गेली आणि टाकीत वाळू पडली. पुढे स्टेशनच्या पाट्यांवर ‘सिल्किनग्राड’ असं नाव झळकलं. रहिवासी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढले आणि १९४७ साली हरले. फॉर्स्टरने रेडिओवरून कबूल केलं, की लोकांना घरं हवीत हेही खरं आणि आपलं गाव जाताना पोटात तुटतं हेही खरं. रूक्सनेस्ट वाचलं. ते आजही उभं आहे, पण खासगी आहे, तेव्हा लांबूनच पाहा.

इंग्लंडच्या मातीतला हा सिनेमा १९९२ साली काढला कोणी? निर्माता इस्माईल मर्चंट मुंबईचा, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. पटकथाकार रूथ प्रवर झाबवाला कोलोनमध्ये जन्मलेली ज्यू. १९३९ साली जीव वाचवून इंग्लंडला आली आणि लग्नानंतर वीसहून अधिक वर्षं दिल्लीत राहिली. तिला या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं, मार्गारेट झालेल्या एमा थॉम्पसनलाही मिळालं. घर म्हणजे काय, हे ज्याला ते सोडावं लागलं त्याला जास्त कळत असावं.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. खरं मृत्युपत्र लबाडीने नष्ट करणं हा इंग्लंडमध्ये १८६१च्या कायद्यानेही गुन्हा होता आणि १९६८च्या थेफ्ट ॲक्टनेही आहे. पण ही चिठ्ठी मृत्युपत्राच्या कसोटीला उतरत नाही, म्हणून विल्कॉक्सांना चोर ठरवता येणार नाही. फक्त मुलीने वडिलांना एकच विचारावं : चिठ्ठी कवडीमोल होती, तर जाळली कशाला? वाण्याची जुनी यादी कुणी दार लावून, घरच्यांची बैठक घेऊन जाळत नाही. रूथला काय हवं होतं ते त्यांना पक्कं कळलं होतं आणि मार्गारेटला ते कळू द्यायचं नव्हतं.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. वाचून शहाणं व्हायला धडपडणारा गरीब कारकून लिओनार्ड बास्ट त्याच घरात, अंगावर पुस्तकांचं कपाट कोसळून मरतो. त्याच्यावर तलवार उगारणारा थोरला मुलगा चार्ल्स तुरुंगात जातो. खचलेला हेन्री विल्कॉक्स शेवटी घर मार्गारेटला द्यायचं ठरवतो, कारण आता ती त्याची बायको आहे. रूथने पेन्सिलीने जिथे पोहोचवलं होतं, तिथेच घर पोहोचतं; मधे एक मुडदा पडतो आणि एक पोरगा गजाआड जातो.

तेव्हा भांडण मिटवा आणि मिटवता मिटवता एक काम उरका. स्वतःचं मृत्युपत्र लिहा, पेन्सिलीने नको, आणि दोन शेजाऱ्यांना चहाला बोलवा. दोघांना एकाच वेळी. ज्यांना काही द्यायचं असेल त्यांना आणि त्यांच्या नवऱ्या-बायकोला मात्र साक्षीला बसवू नका. तसं केलं तर मृत्युपत्र टिकतं, पण त्यांचा वाटा बुडतो. त्यांना नुसता चहा पाजा.