सहीआधी विचारा: ट्रायलमध्ये आपला खर्च किती?

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. त्याच धावपळीत कधी डॉक्टर संशोधनात, म्हणजे ट्रायलमध्ये, सहभागी होण्याविषयी विचारतात, आणि रुग्णाला बोलता येत नसेल तर सही नातेवाइकाला करावी लागते. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला सहसा एवढी घाई नसते. त्याने संमतीपत्र घरी न्यावं, जाणत्या माणसाला दाखवावं.

पहिला प्रश्न एकच: यातलं ट्रायलचं काय आणि नेहमीच्या उपचाराचं काय? ट्रायलचं औषध आणि तिच्यासाठीच केलेल्या जादा तपासण्या बहुधा मोफत असतात. पण झटक्यानंतरचा पहिला सीटी स्कॅन, आयसीयू, फिजिओथेरपी, बीपी-शुगरच्या गोळ्या बहुतेकदा तुमच्याच बिलात येतात. फुफ्फुसाच्या रुग्णाने नेहमीचा इनहेलर कोण देणार आणि ट्रायल संपल्यावर नवं औषध मिळेल का, हे विचारावं. उत्तरं संमतीपत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन बिलाच्या खिडकीवर चालत नाही.

खरा भार असतो येण्याजाण्याचा. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला एसटीने नेता येत नाही. गाडी करावी लागते आणि सोबत्याचा रोज बुडतो. म्हणून भाडं प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे मिळेल का, सोबत्याचं काय, तीन महिन्यांनंतरची विचारपूस फोनवर होईल का, हे आधीच ठरवा. घरच्यांचा वेळही जातो. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या ‘अटेंड’ अभ्यासात पक्षाघाताचे १,२५० रुग्ण होते. त्यात घरच्यांना रुग्णाकडून व्यायाम करून घ्यायला शिकवलं होतं. २०१७ साली निकाल आला: अपंगत्व कमी झालं नाही. घरच्यांचे ते तास कुठल्याही बिलात दिसत नाहीत, पण तुम्ही ते हिशेबात धरा.

इजा झाली तर? नव्या औषधांच्या ट्रायलला २०१९ चे नियम लागू आहेत. इजा ट्रायलमुळे झालेली नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत उपचार मोफत मिळतात. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा गुणक. पासष्टीपुढच्या रुग्णासाठी हा आकडा जोखमीप्रमाणे ४ ते ३२ लाखांपर्यंत जातो. मात्र ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेल्या रुग्णासाठी ठरीव २ लाखच आहेत. तीव्र पक्षाघातात हे कलम आधी वाचा. आरोग्य विम्यावर विसंबू नका. सिद्ध न झालेले उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात.

ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. ती नोंद इंटरनेटवर फुकट पाहता येते. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर घेऊनच उठा. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.