लोच आडवा पडलाय, म्हणजे मेला का?

प्रश्न : आमच्या दोन फुटी टँकमध्ये गप्पी आणि मॉलींबरोबर एक झेब्रा लोच आहे. गोगलगायी खातो म्हणून दुकानदाराने दिला. दिवसभर लाकडाखाली दडून असतो. परवा चक्क कुशीवर पडलेला दिसला. मेला समजून जाळी घातली, तर सुर्रकन पळाला. तो आजारी आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा नाही. झेब्रा लोचसारखे बोटिया प्रजातीचे लोच असेच विसावतात. कुशीवर पडतात, फटीत अंग कोंबून निपचित राहतात. कल्ले संथ लयीत हलत असतील, रंग उजळ असेल आणि तिन्हीसांजेला तो खायला बाहेर पडत असेल, तर निर्धास्त राहा. कल्ले भराभर हलत असतील तर मात्र आधी पाण्याकडे बघा. फिल्टर तुंबला असेल किंवा तळाशी उरलेलं खाद्य कुजत असेल.

दिवसभर दडून राहण्याचं कारण वेगळं आहे. तो एकटा आहे. हा मासा टोळीने राहणारा. पाच-सहा जण असले की दिवसाढवळ्या बाहेर येतात, एकमेकांचा पाठलाग करतात, खाताना टक्‌टक् असा आवाजही काढतात. पण एवढ्यांना दोन फुटी टँक पुरत नाही, निदान तीन फुटी हवा. तळाशी टोकदार खडी नको, बारीक वाळू घाला. तळ हुंगत, वाळूत तोंड खुपसत हा मासा अन्न शोधतो. खडीने त्याच्या मिशा झिजतात. वर झाकण हवंच, लोच उडी मारतात.

मॉलीसाठी पाण्यात मीठ घालत असाल तर थांबवा. लोचचे खवले अगदी बारीक असतात, मीठ आणि औषधं त्याला लवकर बाधतात. पांढऱ्या ठिपक्यांवरचं औषध देताना बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. तांबं असलेली औषधं टाळा. आणि जाळी शक्यतो नकोच. डोळ्याखाली त्याला एक काटा असतो, घाबरला की तो उभारतो आणि जाळीत अडकतो. पकडायचाच झाला तर प्लास्टिकच्या डब्यात घ्या.

गोगलगायी तो खातो, हे खरं. पण तेवढ्यावर जगत नाही. दिवे मालवल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या आणि गोठवलेल्या अळ्या द्या.

आता मला मनापासून सांगायचं आहे ते. झेब्रा लोच परदेशी नाही, सह्याद्रीचाच आहे. 1920 साली नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांपलीकडे तो जगात कुठेच नैसर्गिकरीत्या सापडत नाही. नद्यांची दुर्दशा आणि टँकसाठी होणारी पकड यांमुळे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. घरच्या टँकमध्ये त्याची वीण जवळजवळ होतच नाही, त्यामुळे नदीतून काढलेल्या माशाची भरपाई आपल्याकडून होत नाही. निव्वळ गोगलगायी आवरायला असा मासा विकणं मला पटत नाही. खाद्य कमी घातलं की त्याही कमी होतात.

तेव्हा मोठा टँक शक्य नसेल, तर ज्यांच्याकडे लोचची टोळी आधीच आहे अशा जाणत्या माणसाला हा द्या. कृष्णा जवळच आहे म्हणून तिच्यात मात्र सोडू नका. टँकमधले रोग त्याच्याबरोबर नदीत जातील.