धायरीजवळून जाणारा आशियाई महामार्ग आणि शेतमालाची निर्यात

धायरीच्या पूर्वेस, नवले पुलापाशी, मुंबई–बंगळूर महामार्ग जातो. धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली आणि शेतांच्या जागी आता बहुतांशी इमारती उभ्या आहेत. तथापि सिंहगडाच्या खोऱ्यातील भाजीपाला याच बाजूने शहरात उतरतो, आणि तासगावकडील द्राक्षांच्या गाड्या याच महामार्गाने न्हावाशेवा बंदराकडे जातात. ह्या रस्त्याचे आणखी एक नाव फारसे कोणास ठाऊक नसते. आशियाई महामार्ग क्रमांक ४७ तो हाच. ग्वाल्हेरहून निघून धुळे, नाशिक, ठाणे, पुणे, कोल्हापूर या वाटेने तो बंगळूरपर्यंत पोहोचतो.

आशियातील देश रस्त्यांनी जोडण्याची योजना संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रादेशिक आयोगाने १९५९ साली हाती घेतली. तिचा आंतरराष्ट्रीय करार अंमलात येण्यास मात्र २००५ साल उजाडले. ह्या कराराने रस्त्यांचे मार्ग, क्रमांक व मानके ठरतात. मालाला सीमा ओलांडण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ती मिळविण्यासाठी देशादेशांत निराळे करार व्हावे लागतात. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनी २०१५ साली मोटार वाहनांविषयी असा करार केला, परंतु भूतानने त्यास मान्यता दिली नाही. पेट्रापोलचा नाका ओलांडून गेलेला कांदा बेनापोल येथे उतरवून दुसऱ्या गाडीत भरला जातो. प्रत्येक चढउतारीत कांद्याला मार लागतो, आणि मार लागलेला कांदा आधी सडतो. म्हणून अशा मालाची पात पूर्ण वाळवून, मानेला दोन ते अडीच सेंटिमीटर देठ राखून कापणी करावी. हलगर्जीने कापलेल्या मानेतून कूज आत शिरते.

पश्चिमेची जमिनीवरील वाट तर याहून अवघड. पाकिस्तानने ऑगस्ट २०१९ मध्ये भारताशी व्यापार थांबविला. इराणमार्गे रशियाकडे जाणाऱ्या उत्तर–दक्षिण मार्गाचा करार भारत, इराण व रशिया यांनी २००० साली केला. त्यातही पहिला टप्पा समुद्राचाच आहे. सारांश, युरोपास जाणाऱ्या द्राक्षाला न्हावाशेव्याहून जहाजच गाठावे लागते.

सुवेझ कालव्याची वाट जवळची. परंतु २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांपर्यंत लांबला. बागाईतदाराचे नुकसान इथेच होते. घड तोडल्याक्षणापासून त्याचे आयुष्य मोजले जाते. तोडणी सकाळच्या गारव्यात करावी, पेट्या उन्हात ठेवू नयेत, आणि काही तासांच्या आत पूर्वशीतकरण करून मण्यांचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या खाली आणावे. पुढे शून्य ते एक अंश तापमान अखंड राखावे लागते. बांधावर दुपारपर्यंत राहिलेली पेटी तीन आठवड्यांच्या प्रवासात कदाचित तग धरील, पाच आठवड्यांच्या प्रवासात धरणार नाही. शेतातील ही चूक जहाजावर दुरुस्त होत नाही.

औषधांच्या अंशाचेही तसेच. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. फवारणीची तारीख, औषध व प्रमाण यांची वही ठेवलेली नसेल, तर दोष कोठे झाला हे शोधणेही दुरापास्त होते.

रस्ता मोकळा असूनही बाजार बंद होऊ शकतो, हेही कांदा उत्पादकांनी पाहिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली; मधल्या काळात ग्राहक देशांनी अन्यत्र खरेदी केली.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच शेतकऱ्यांना निर्यातदाराशी लेखी करार करण्यास सांगावे. भाव शेतावरचा की परदेशी बंदरातील विक्रीवर अवलंबून, आणि जहाज लांबल्यास तूट कोणी सोसावयाची, ही दोन कलमे त्यात स्पष्ट असावीत. कंटेनरमधील तापमान नोंदणाऱ्या यंत्राची प्रतही शेतकऱ्याने मागून घ्यावी.