दिव्याखालीं अंधार

संध्याकाळीं भिंतीवरील बटण दाबतांच खोली उजळते. दिवा धूर करीत नाहीं, काजळी धरीत नाहीं. म्हणून वीज ही अगदीं निर्दोष वस्तु आहे, असें वाटणें साहजिक आहे. परंतु शक्ति शून्यांतून उत्पन्न होत नाहीं. ती केवळ रूप पालटते, हा पदार्थविज्ञानाचा मूळ सिद्धांत होय. तेव्हां हा उजेड कोठून आला व त्याचें मोल कोणीं दिलें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम आपल्या पुणें जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. धुराचा उपद्रव इतका वाढला कीं, 1912 सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस अडवून तो कोंकणांत सोडावा व त्या पडत्या पाण्यानें वीज करावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. तदनुसार 1915 सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें; पुढें मुळशीस धरण होऊन 1927 सालीं भिरा येथील वीजघर चालूं झालें.

ह्याचें गणित सोपें आहे. एक घनमीटर पाण्याचें वजन 1000 किलो. तें सुमारें 500 मीटर खालीं उतरलें म्हणजे सुमारें 49 लाख ज्यूल, अर्थात् 1.36 युनिट शक्ति होते. यंत्रांतील घट वजा जातां एका युनिटाहून थोडी अधिक वीज हातीं येते. म्हणजे एका युनिटामागें 15 लिटरांच्या पंचावन्न-साठ बादल्या पाणी डोंगरावरून उतरावें लागतें.

ह्या विजेला धूर नाहीं, हें खरें. परंतु जें पाणी मुळेवाटे पुण्यास येऊन भीमेस मिळालें असतें, तें आतां कुंडलिका नदीनें पश्चिम समुद्रास जातें. शिवाय धरणाच्या पाण्याखालीं मावळांतील भातशेतें, घरें व देवळें गेलीं. तीं वांचविण्यासाठीं शेतकऱ्यांनीं 1921 च्या एप्रिलमध्यें सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापति’ हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. स्त्रियाही त्यांत मागें राहिल्या नाहींत. 1924 पर्यंत लढा चालला. पण धरण झालेंच. मुंबईचें आकाश कांहींसें निवळलें, आणि मुळशीच्या चुली विझल्या.

मग कोळसा बरा म्हणावा काय? आज महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशापासूनच होतो; एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. 12 भाग कार्बन जळतांना 32 भाग प्राणवायु घेतो व 44 भाग कार्बन डायऑक्साइड होतो. कोळशाच्या एका युनिट विजेमागें हा वायु सुमारें एक किलो निघतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें 280 भाग होता. आज 420 हून अधिक आहे. तो पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. सूर्य व वारा ह्यांपासूनची वीज ह्याहून पुष्कळच निर्मळ. तथापि तिलाही जमीन व धातु लागतातच.

तात्पर्य, मोलावांचून मिळणारी वीज नाहीं. म्हणून सर्वांत निर्मळ युनिट तें, जें आपण जाळलें नाहीं. जुना 60 वॅटचा दिवा रोज पांच तास जळाला, तर महिन्यास 9 युनिट लागतात. तेवढाच उजेड देणाऱ्या 9 वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाहीं. विद्यार्थ्यांनीं महिन्याच्या पहिल्या व शेवटच्या दिवशीं घरचा मीटर वाचून वजाबाकी करावी आणि ती आईवडिलांस दाखवावी. पालकांनींही ती कौतुकानें पाहावी.

ही सृष्टि परमेश्वराची आहे. आपण तिचे धनी नसून कारभारी आहों. विश्वासू कारभाऱ्यास हिशेब देण्याची भीति नसते. रिकाम्या खोलींतील दिवा मालवितांना आपण दोन पैसेच वांचवितों असें नव्हे. ज्यांच्या घरावरून आपला उजेड आला, त्यांचें ऋणही स्मरतों.