मधुमेही माणसाला हृदयाची धास्ती

वैशाखातील एका पहाटेची कल्पना करू. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारे एक साठीचे मराठी गृहस्थ, ज्यांच्या मधुमेहाला बारा वर्षे होऊन गेली आहेत, चारच्या सुमारास जागे होतात. अंग घामाने भिजले आहे, जीव कासावीस होतो आहे, पोटाच्या वरच्या भागात काही दाटून आल्यासारखे वाटते आणि एक उलटीही होते. छातीत मात्र मुळीच दुखत नाही. घरची मंडळी तर्क करू लागतात. रात्री वीज गेली होती, तेव्हा हा उकाड्याचा परिणाम असेल. काल लग्नाचे जेवण झाले, तेव्हा पित्त उसळले असेल. किंवा साखर उतरली असेल. तिन्ही तर्क समंजसपणाचे आहेत. रायपुरात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेथे घाम कोणाला येत नाही? कोणी लिंबाचे सरबत देते, कोणी आल्याचा रस देते, आणि उजाडले म्हणजे डॉक्टरांकडे जाऊ असे ठरते.

या मंडळींच्या हातून जी चूक घडत आहे ती निष्काळजीपणाची नव्हे. हृदयविकाराचे जे चित्र आपल्या सर्वांच्या मनात ठसलेले आहे, त्या चित्राची ती चूक आहे. ते चित्र मधुमेही माणसाच्या बाबतीत अपुरे का पडते, हे प्रथम समजावून घेतले पाहिजे.

हृदय अखंड रक्त पुरविते, परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला लागणारे रक्त त्याच्या पोकळीतून मिळत नाही. महारोहिणीच्या आरंभी फुटणाऱ्या हृद्‌रोहिण्या त्याच्या पृष्ठभागावरून पसरतात व स्नायूला प्राणवायू पोचवितात. या रोहिण्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे मेदाचे थर साचत जातात. असा एखादा थर फुटला की त्यावर रक्त साकळते, मार्ग बंद होतो आणि त्यापलीकडील स्नायू उपासमारीने मरू लागतो. मधुमेहात रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्याने हे अस्तर लवकर बिघडते, रक्तातील मेदाचे स्वरूप पालटते आणि रक्तकणिका एकमेकींना अधिक सहज चिकटतात. म्हणून मधुमेही माणसाला हृद्‌रोहिणीविकार होण्याचा संभव इतरांपेक्षा सुमारे दुप्पट ते चौपट असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेही लोकांची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज निघाला. तेव्हा ही काही मूठभर लोकांची कथा नव्हे.

आता वेदनेविषयी. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे हृच्छूलाचे जे वर्णन वाचले व जे १७७२ मध्ये छापले गेले, त्यात चालताना, विशेषतः चढ चढताना, छातीत आवळल्यासारखे होणे व थांबताच ते नाहीसे होणे, हा क्रम इतक्या स्पष्टपणे आला आहे की आजही त्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. परंतु वेदना कळण्यासाठी हृदयापासून मेंदूपर्यंत निरोप नेणारे मज्जातंतू शाबूत असावे लागतात. मधुमेह जसा पायांच्या तळव्यांतील मज्जातंतूंना इजा करतो व चप्पल निसटल्याचे माणसाला कळू देत नाही, तसाच तो आतील इंद्रियांच्या, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेच्या, तंतूंनाही इजा करतो. निरोप अर्धवट पोचतो किंवा पोचतच नाही. स्नायू मरत असतो आणि माणसाला केवळ धाप, घाम, मळमळ, अनावर थकवा, जबड्यात किंवा पाठीत बारीकशी कळ एवढेच जाणवते. कधी तेवढेही जाणवत नाही.

असे घडते हे अनुमानाने ठरलेले नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये पाच हजारांवर नागरिकांची पाहणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी प्रत्येकाचा विद्युत्‌हृल्लेख, ज्याला आपण ईसीजी म्हणतो, काढला जाई. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, या लोकांत उद्भवलेल्या हृदयस्नायूच्या नाशाच्या प्रसंगांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक प्रसंग केवळ या नेमाने काढलेल्या आलेखांवरूनच उघडकीस आले. रोग्याला किंवा त्याच्या डॉक्टरला त्याचा सुगावाही नव्हता. हे सर्वसाधारण लोकांविषयी झाले.

येथे भाषांतरकाराला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. मराठीत आपण 'हृदयविकाराचा झटका' म्हणतो. शब्द रूढ झाला आहे, तो आता हलणार नाही. पण तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस उभा करतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत पुष्कळदा झटक्यासारखे काहीच नसते. तासन्‌तास चाललेली एक अस्वस्थता असते. शब्दामुळे माणूस ज्याची वाट पाहतो ते येत नाही, आणि जे आले आहे त्याला तो 'गॅस' म्हणतो.

भाषेची आणखी एक अडचण रायपूरसारख्या शहरात आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. घरात मराठी आणि दवाखान्यात हिंदी, असा त्यांचा नित्याचा व्यवहार असतो. 'जीव घाबरा होतो' हे घरातील वाक्य दवाखान्यात 'घबराहट हो रही है' असे होते, आणि ऐकणाऱ्याला ती मनाची भीती वाटण्याचा संभव असतो. 'कासावीस' या शब्दाला तर नेमका हिंदी पर्यायच सापडत नाही. अशा वेळी भावनेचा शब्द सोडून देऊन शरीरातील खूण सांगावी: घाम किती वाजता सुटला, श्वास पुरत नाही काय, उलटी कितीदा झाली, दाटलेपण कोठे आहे; आणि पहिल्याच वाक्यात सांगावे की रोगी मधुमेही आहे.

साखर उतरली असेल हा तर्क मात्र वेगळा विचार मागतो, कारण तो खराही असू शकतो. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यास उपवास घडल्यास किंवा जेवण लांबल्यास घाम, कंप, छातीत धडधड ही लक्षणे होतात. हृदयविकाराशी त्यांचे साम्य इतके आहे की नुसत्या लक्षणांवरून अनुभवी माणूसही चकतो. सुदैवाने येथे तर्काची गरज नाही. घरातील रक्तशर्करामापकाने बोटाच्या एका थेंबात उत्तर मिळते. आकडा ७० च्या खाली असेल तर शुद्धीवर असलेल्या माणसास सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर वर आली आणि सर्व लक्षणे ओसरली, तर प्रश्न बहुधा तेथे मिटला. पण त्याविषयी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. साखर वर आली आणि घाम, धाप तशीच राहिली, तर हृदयाचाच विचार करावा. उलट आकडा २५०-३०० दिसला तर 'साखरच वाढली आहे' असे म्हणून स्वस्थ बसू नये. हृदयावर आघात होताना शरीर ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडते व ती रक्तशर्करा चढवितात. वाढलेली साखर हे संकटाचे कारण नसून त्याचा पडसादही असू शकते. मोजण्यापायी मात्र वेळ दवडू नये. एकाने मापक हाती घ्यावा तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रोग्याने जिना उतरू नये, स्वतः वाहन चालवू नये, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून तर मुळीच जाऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल व डॉक्टरांनी तसे सांगितले असेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅमची मात्रा गिळण्याऐवजी चावून घेतात, म्हणजे ती लवकर रक्तात उतरते. कोठे जावयाचे हे आधीच ठरलेले असावे. जवळच्या ओळखीच्या दवाखान्यापेक्षा जेथे रात्रीही ईसीजी निघतो आणि शक्य तर नलिका घालून रोहिणी उघडण्याची सोय आहे, ते ठिकाण निवडावे. रायपुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याला जोडलेले डॉ. आंबेडकर रुग्णालय लोकांच्या तोंडी 'मेकाहारा' म्हणून आहे. ताटीबंध येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. खाजगी रुग्णालये निराळीच.

रुग्णालयात पहिल्या १० मिनिटांत आलेख निघावा असा दंडक आहे. पहिला आलेख निर्दोष आला म्हणून घरी परतण्याची घाई करू नये. मरणाऱ्या स्नायूतून रक्तात ट्रोपोनिन नावाचे प्रथिन झिरपते. ते वाढण्यास काही तास लागतात, म्हणून ती तपासणी पुन्हा करावी लागते. रोहिणी पूर्ण बंद झाली असेल तर दोन तासांच्या आत ती नलिकेने उघडणे श्रेयस्कर, आणि ते शक्य नसेल तर साकळलेले रक्त विरघळविणारे औषध विनाविलंब देतात. मेटफॉर्मिन चालू आहे काय, मूत्रपिंडाचा दोष आहे काय, इन्शुलिन शेवटचे केव्हा घेतले, हे नातलगांनी आपण होऊन सांगावे.

समजा, आपल्या गृहस्थांची रोहिणी वेळेवर उघडली आणि चार-पाच दिवसांनी ते घरी आले. येथून दुसरा, आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षिलेला, भाग सुरू होतो. छातीत जराशी चमक आली की ते दचकतात. रात्री झोपण्यास भितात. पत्नी त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. सुनेने तूप, मीठ व गोड हे सर्व एकाच दिवशी बंद केले आहे. या प्रेमाने माणूस हळूहळू आजारी होऊन बसतो. हृदयविकारानंतर खिन्नता येणे अगदी सामान्य आहे, मधुमेही लोकांत तर अधिक. अन्नावरून व जगण्यावरून मन उडते, गोळ्या चुकतात, आणि साखर पुन्हा वर जाते. दोन आठवड्यांवर ही अवस्था टिकली तर डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहे, आणि तो घेणे हा दुबळेपणा नव्हे.

भीतीवर सर्वांत गुणकारी औषध म्हणजे मोजूनमापून केलेली हालचाल. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट वाटेवर पाच-दहा मिनिटे चालावे व दर आठवड्यास थोडे वाढवावे. तेलीबांधा तळ्याकाठची वाट त्यासाठी चांगली आहे; बसावयास जागा आहे आणि माणसांचा राबता आहे. चालता चालता बोलता यावे इतकीच गती ठेवावी. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी परतावे. खिशात साखरेची पुडी असावी. हृदयाची गती मंदावणारी काही औषधे साखर उतरल्याची धडधड व कंप लपवितात. घाम मात्र लपत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आहाराविषयी दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या आपल्या घरांत नडतात. पहिली उपवासाची. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास घडला असे आपण समजतो, पण साबुदाणा बहुतांशी निव्वळ पिष्ट असतो व साखर झपाट्याने चढवितो. आणि गोळ्या घेऊन निरशन राहिले तर ती धोकादायक उतरते. दुसरी भाताची. छत्तीसगढात राहून भात सोडा असे सांगणे व्यर्थ आहे. ताटात तो मुठीएवढा घ्यावा, डाळ व भाजी त्याच्या दुप्पट घ्यावी, एवढे केले तरी पुष्कळ.

यत्न खरोखर फळतात काय, असे विचारणाऱ्यास डेन्मार्कमधील स्टेनो केंद्राचा प्रयोग सांगावा. मूत्रातून प्रथिन जाऊ लागलेले १६० मधुमेही रोगी त्यात होते. अर्ध्यांची साखर, रक्तदाब, मेद, व्यायाम व धूम्रपान या सर्वांकडे एकाच वेळी कसोशीने लक्ष दिले गेले. २००३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सुमारे आठ वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आघातांचा धोका त्या गटात निम्म्यावर आला होता. त्यांतील कोणताही एक उपाय नवलाचा नव्हता. २०१५ नंतर साखरेबरोबर हृदयालाही तारणारी काही नवी औषधे उपलब्ध झाली आहेत. ती आपल्याला योग्य आहेत काय, हे पुढील भेटीत विचारावे.

आणि समजा, तपासण्यांअंती त्या पहाटेचे कारण खरोखरच पित्त निघाले. घरचे ओशाळतात, उगीच पहाटे सर्वांना उठविले म्हणतात. तसे वाटण्याचे कारण नाही. या निमित्ताने निघालेला निर्दोष ईसीजी फार मोलाचा आहे. पुढे कधी शंका आली तर नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहता येतो. त्याची एक प्रत, चालू औषधांची यादी, शेवटची रक्तशर्करा आणि दोन नातलगांचे दूरध्वनी क्रमांक एका पाकिटात घालून ते दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावे, व घरातील लहानथोरांना ते दाखवून द्यावे.